सहलीला मुलीलाही पाठवा

2012 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची एक मम्मी आली होती. 2013 च्या मार्चपर्यंत ती तेथे होती. शाळाशाळांच्या सहली निघाल्या. आमच्या साजगावच्या मुलांनाही शाळेतून चिठ्ठी मिळाली आणि घरोघरी बोलणी सुरू झाली. कुणी म्हणाले, "मढं बघायला पैसे कशाला?" कुणी म्हणाले, "पोरगी रात्री घाबरून उठेल." एका घरी तर मुलाचे पैसे भरले, मुलीला मात्र थांबवले. आम्ही चार घरांनी मिळून तिचे पैसे भरले. ती गेली, म्हणूनच आज हे लिहीत आहोत.

सकाळची खोपोली लोकल, डब्यात भाकरी आणि चटणी. काही मुलांनी मुंबई प्रथमच पाहिली. आम्ही दोघेतिघे पालक सोबत होतो.

ती मम्मी होती नेस्पेरेन्नुब नावाच्या पुजाऱ्याची. सुमारे 2,800 वर्षांपूर्वी तो कर्नाकच्या देवळात होता. त्याच्या पट्ट्या कधीच सोडलेल्या नाहीत. दवाखान्यात असते तसल्या सीटी स्कॅनने आतले सारे पाहिले आणि त्याचा चित्रपट केला. मुलांनी खास चष्मे लावून तो पाहिला. डोक्यामागे मातीचे एक भांडे चिकटलेले दिसले. प्रेत तयार करणाऱ्या कारागिरांकडून राळेत ते चिकटून राहिले असावे. मग वरून पट्ट्या गुंडाळल्या, आणि ती चूक हजारो वर्षे झाकून राहिली!

बाईंनी सांगितले, की प्रेत नॅट्रॉन नावाच्या खारात ठेवून सुकवत. सारा विधी सत्तर दिवस चाले. लगेच एक पोरगा म्हणाला, "म्हंजे बाई, आपल्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेतल्या सुक्या मासळीवानी!" सगळे हसले. पण मुलगा चुकला नव्हता. पाणी काढून घेतले की कुजणे थांबते, हे आपल्या आयाबायांना ठाऊकच आहे.

मग त्याच मुलीने विचारले, "बाई, गरिबांची मम्मी कोण करायचं?" बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "हा खर्च गरिबाला कुठून झेपणार? त्याला साध्या खड्ड्यात पुरत. वाळवंटाची तापलेली वाळूच कधी कधी त्याचं प्रेत सुकवी." देवळाच्या गाभाऱ्यातही सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. लिहिणे-वाचणेही मूठभरांच्याच हाती होते. हे ऐकून आम्ही पालकांनी एकमेकांकडे पाहिले. वेगळे बोलावे लागले नाही.

त्याच संग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. कर्नाकच्या पुजाऱ्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात 'तुरमाय' राजाचे नाव कोरले. तो इजिप्तचा राजा टॉलेमी. धम्माचा संदेश तिकडेही पोचला, असे अशोक सांगतो. इजिप्तची चित्रलिपी 1822 मध्ये शाम्पोलियनने उलगडली, आणि अशोकाची ब्राह्मी 1837 मध्ये प्रिन्सेपने. तोवर दोन्ही देशांचे दगड मुकेच होते. अक्षर वाचणारा नसेल तर राजाचा शब्दही मुका होतो.

परतीच्या गाडीत मुलगी पेंगत होती. घाबरली का, असे विचारले, तर म्हणाली, "नाही. मेलेला माणूस काय करतो? पण ते भांडं राहिलं कसं, ते कळलं पाहिजे." भीती गेली आणि प्रश्न उरला. सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

2023 च्या डिसेंबरातही याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडली होती. अशा संधी पुन्हा येतील. माता-भगिनींना आमची एवढीच विनंती, की शाळेची चिठ्ठी आली तर 'मुलगा जाईल, मुलगी राहील' असे करू नका. पैसे कमी पडले तर शेजारी विचारा, वस्तीत चार घरे मिळून भरा. आणि मूल घरी आले की काय पाहिले एवढेच विचारू नका. काय विचारलेस, तेही विचारा.