सिग्नलवरचे शेवटचे तीन सेकंद

पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात सकाळी पावणेदहाला पाच मिनिटं उभं राहून पाहावं. सिग्नलवरचा आकडा तीनवर येतो, दिवा अजून लालच असतो आणि मागून पहिला हॉर्न वाजतो. दोनवर आणखी पाच-सात. हिरवा लागतो तेव्हा पुढच्या स्कूटरवरच्या बाईंचा पाय जेमतेम जमिनीवरून उचललेला असतो. पायाशी भाजीची पिशवी, मागे दप्तर घेतलेलं पोर. त्यांना डावीकडून कट मारून एक मोटारसायकल निघून जाते, बाई दचकून ब्रेक दाबतात आणि मागच्या मोटारीतले गृहस्थ काच खाली करून ओरडतात, "चालवता येत नाही तर आणता कशाला गाडी?" कट मारणारा एव्हाना कर्वे पुतळ्याच्या दिशेने पसार झालेला असतो. बोलणी बसतात ती बाईंना.

हेच गृहस्थ संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला "बसा, आधी तुम्ही बसा" म्हणून खुर्ची पुढे करतील. मग स्टिअरिंगमागे बसल्यावर त्यांना काय होतं? याची जी उत्तरं आपल्याकडे सर्रास दिली जातात, त्यातली बरीचशी तपासून पाहिली की टिकत नाहीत.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे रस्त्यावर भांडणारे मुळातच भांडकुदळ, उद्धट असतात. वाहतूक सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास ८० टक्के चालकांनी मागच्या वर्षभरात किमान एकदा तरी गाडी चालवताना आपल्याला चांगलाच राग आल्याचं किंवा आपण आक्रमक झाल्याचं कबूल केलं होतं. दहापैकी आठ माणसं स्वभावानेच भांडकुदळ असतील तर कोणतंही गाव एक दिवससुद्धा नांदणार नाही. तेव्हा स्वभावाकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. तरीही आपण दाखवतो, कारण त्यात एक सोय असते. बोट नेहमी दुसऱ्याकडे असतं.

ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये याच सोयीवर नेमका प्रकाश टाकला. इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता, असं त्याने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं. अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. निम्म्यात मावतात निम्मेच. म्हणजे रस्त्यावर उतरताना आपण मनात एक यादी घेऊनच उतरतो: नीट चालवणारा मी, आणि बाकीचे.

या यादीला जोड मिळते ती 'मुद्दाम' या शब्दाची. समोरच्याने आडवी गाडी घातली की तोंडातून पहिलं वाक्य येतं, "मुद्दाम घातली त्याने." तेच आपल्या हातून झालं तर उशीर झालेला असतो, सिग्नल दिसलेला नसतो, पोराला ताप असतो. दुसऱ्याची चूक परिस्थितीऐवजी त्याच्या वृत्तीतूनच झाली असं धरून चालायचं, या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'मूलभूत गुणारोपण दोष' असं नाव दिलं. ही सवय घरात, कचेरीतही असतेच. पण तिथे ती दुरुस्त व्हायला जागा असते. बोळात दोन माणसं एकमेकांना धडकली तर एक "सॉरी हं" म्हणतो, दुसरा हसतो, संपलं. गाडीला चेहरा नाही आणि शब्दही नाहीत. तिच्याकडे एकच आवाज आहे, आणि त्या एका आवाजात "सांभाळा", "निघा आता", "दिवा हिरवा झालाय" आणि आईबहिणीचा उद्धार हे सगळं एकसारखंच ऐकू येतं. समोरच्याने सावध करायला वाजवलेला हॉर्न आपण शिवी म्हणून ऐकतो आणि शिवीनेच उत्तर देतो.

चेहरा झाकलेला असला की माणूस अधिक सैल सुटतो, हेही रस्त्यावरच तपासलं गेलं आहे. १९९५ च्या एका अमेरिकन प्रयोगात सिग्नल हिरवा झाल्यावर पुढची गाडी जाणूनबुजून थांबवून ठेवली आणि मागे छत उघडता येणाऱ्या गाड्या आल्या की नोंद केली. ज्यांचं छत बंद होतं ते चालक लवकर हॉर्न वाजवत, जास्त वेळ वाजवत आणि जास्त वेळा वाजवत. छत उघडं, तोंड उघडं, की बोट जरा आवरतं घेतलं जाई. काळ्या काचा, हेल्मेटची खाली ओढलेली काच आणि डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ यांच्या शहरात या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. (हेल्मेट काढावं असा याचा अर्थ बिलकूल नाही. ते डोक्यावर हवंच.)

आता तो समज, ज्याच्या आडोशाला रस्त्यावरच्या बहुतेक मारामाऱ्या उभ्या राहतात: "राग अनावर झाला, भान राहिलं नाही." राग येणं हातात नसेलही, पण तो कोणावर काढायचा हे माणूस अगदी भानावर राहून ठरवतो. अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला कॅलिफोर्नियातला प्रयोग त्यासाठी मुळातून समजून घ्यावा असा आहे. पालो आल्टो आणि मेन्लो पार्क इथल्या सिग्नलवर त्यांची गाडी दिवा हिरवा झाल्यावरही १२ सेकंद हलायची नाही. कधी ती काळी, चकचकीत क्रायस्लर इम्पीरियल असे, कधी जुनाट, गंजकी फोर्ड. मागच्याचा खोळंबा दोन्ही वेळी तेवढाच, घाईही तेवढीच. जुनाट गाडीमागे अडकलेल्यांपैकी ८४ टक्के चालकांनी त्या १२ सेकंदांत हॉर्न वाजवला. चकचकीत गाडीमागच्यांपैकी जेमतेम ५० टक्क्यांनी. याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. असा प्रसंग आला तर काय कराल, असं विद्यार्थ्यांना कागदावर विचारलं तेव्हा त्यातल्या मुलग्यांचं म्हणणं असं पडलं की, श्रीमंताच्या गाडीवर आपण उलट लवकर हॉर्न वाजवू. आपल्या रागाबद्दल आपणच जे सांगतो त्यावरही फारसा विश्वास ठेवू नये.

हे वाचून आपले चौक आठवत नाहीत असा मराठी वाचक विरळा. पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला डिलिव्हरीचा पोरगा जरा मध्ये आला की त्याला एकेरीत हाक जाते. रिक्षावाल्याला जाते, हातगाडी ढकलणाऱ्याला जाते, मागे लाल 'एल' लावून शिकणाऱ्या मुलीला जाते. पांढरी, उंच, नंबरप्लेटवर एकच आकडा असलेली गाडी तेवढाच वेळ आडवी उभी राहिली की मागचा चालक गुमान स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसतो. अनावर झालेला राग नंबरप्लेट वाचत नाही. जो वाचतो, त्याला अनावर म्हणणं ही पळवाट आहे, आणि तिची किंमत रोज तेच लोक मोजतात ज्यांना उलट बोलणं परवडत नाही.

"बोलून टाकलं की डोकं शांत होतं" हाही असाच जुना समज. कुकरची वाफ सोडावी तसा राग सोडावा, असं म्हणतात. माणसाचं डोकं कुकरसारखं चालत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात त्यांना आधी टीका करून चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांपुढे आणून ठोसे मारायची पिशवी बडवायला सांगितली आणि काहींना नुसतं स्वस्थ बसवलं. सगळ्यात जास्त राग उरला तो पिशवी बडवणाऱ्यांत. बुशमन आणि सोफी क्यार्विक यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला. शरीराची धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही. संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं अशा धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी उतरतो. हॉर्नवर तळहात दाबून ठेवणारा माणूस वाफ सोडत नसतो, चूल फुंकत असतो.

आणि त्या हॉर्नने रस्ता तरी मोकळा होतो का? मुंबई पोलिसांनी याचं उत्तर मोठ्या कल्पकतेने दिलं. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे इथल्या काही सिग्नलना त्यांनी आवाज मोजणारी यंत्रं जोडली. लाल दिवा असताना हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की आकडा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी याची चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यातले चेहरे पाहण्यासारखे आहेत. सवयीने हॉर्न बडवणारी माणसं आकडा मागे जाताना पाहून गोंधळतात, मग एकमेकांकडे पाहतात. कदाचित त्या सिग्नलवर पहिल्यांदाच त्यांनी शेजारच्याचं तोंड पाहिलं असावं. त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी घातली होती, तीही हॉर्नला आमंत्रण मिळतं म्हणूनच. केंद्राने मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे.

खोळंबा झाला म्हणजे पुढे कोणीतरी घोळ घातलाच असणार, हे तर कोणी तपासतही नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल वाटेवर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, वळण तोडणारा कोणी नाही. साधारण ताशी ३० किलोमीटर वेगाने अंतर राखून चालायचं, एवढंच. थोड्या वेळाने एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कोणाच्याही चुकीशिवाय कोंडी तयार झाली. ती एका जागी राहिली नाही. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडीची लाट मागे सरकत होती. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एक्स्प्रेस-वेवर अर्धा तास रखडून पुढे गेल्यावर जेव्हा काहीच दिसत नाही, अपघात नाही, टोलही नाही, तेव्हा बहुधा अशीच एखादी लाट मागे जाऊन विरलेली असते.

शेजारची लेन नेहमी जास्त पळते, हा अनुभवही बराचसा भास आहे. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये त्याचा हिशेब मांडला. आपण पुढे सरकतो तेव्हा शेजारच्या थांबलेल्या, चिकटलेल्या गाड्या भराभर मागे पडतात, दोन-चार सेकंदांत खेळ संपतो. त्यांची लेन सुटते तेव्हा गाड्या विरळ होऊन एकेक करत जातात, त्यामुळे आपल्याला मागे टाकलं जाण्यात जास्त वेळ जातो. शिवाय मागे पडलेली गाडी डोळ्यांआड होते, पुढे गेलेली समोर दिसत राहते. दोन्ही लेनचा वेग सारखा असला तरी आपणच हरतोय असं वाटत राहतं आणि माणूस लेन बदलून दुसऱ्याला कट मारतो.

उन्हाने डोकं तापतं, हा समज मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये १९८६ च्या अभ्यासात तापमान वाढेल तसं हॉर्न वाजवणं वाढलं, आणि काचा उघड्या ठेवून, म्हणजे एसीविना चाललेल्यांत ते सगळ्यात ठळक दिसलं. मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलवर दुचाकीवर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तिथे चौकाचौकांत हिरवं कापड बांधतात ते त्याचमुळे.

राहता राहिला एक समज, आणि तो सगळ्यात महागात पडणारा: रस्त्यावरची बाचाबाची ही तिथल्या तिथे मिटणारी किरकोळ गोष्ट आहे. आपल्या कायद्यात या रागाला वेगळं कलम नाही हे खरं, पण धोकादायक चालवणं, मारहाण, धमकी, मृत्यूला कारणीभूत होणं यांची कलमं आहेतच. २७ डिसेंबर १९८८ ला पतियाळामध्ये रस्त्यात मधोमध उभ्या असलेल्या एका जिप्सीवरून वाद झाला. मारुतीतून बँकेत पैसे काढायला चाललेल्या ६५ वर्षांच्या गृहस्थांनी ती बाजूला घ्यायला सांगितलं होतं. मारहाणीत त्यांचा मृत्यू झाला. जिप्सीत क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू होते. १९९९ मध्ये सुटका, २००६ मध्ये उच्च न्यायालयाची तीन वर्षांची शिक्षा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती रद्द होऊन फक्त १,००० रुपये दंड, आणि १९ मे २०२२ ला फेरविचारात एक वर्षाची सक्तमजुरी. तंदुरुस्त खेळाडूचा हात हेदेखील शस्त्र ठरू शकतं, असं न्यायालयाने तेव्हा नोंदवलं. एका गाडीच्या जागेवरून झालेला वाद निकालात निघायला ३३ वर्षं लागली.

आणि एवढं करून मिळतं काय? पुण्याची गर्दी वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत जगात चौथी होती. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. त्या गर्दीत चार गाड्यांना कट मारून मिळतो तो पुढच्या सिग्नलवरचा पहिला नंबर. मागे टाकलेली चारही माणसं तिथे शेजारी येऊन उभी राहतात, आता खुन्नस देत.

आंबेनळीसारख्या घाटात हीच माणसं, अशाच गाड्या वेगळ्या वागताना दिसतात. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियम आहे, आणि घाटात तो सांगायला पोलीस लागत नाही. अरुंद वळणावर उतरता ट्रक थांबतो. क्लीनर खाली उतरतो, दरीकडची कड पाहतो, ट्रकच्या अंगावर दोन थापा मारतो. चढणारी एसटी आरशाला आरसा लागेल इतक्या जवळून हळूहळू सरकते. दोन्ही खिडक्या उघड्या असतात. खिडकीला खिडकी येते तेव्हा दोन्ही चालक एकमेकांकडे पाहतात. एसटीवाला हात वर करतो, ट्रकवाला मान हलवतो, आणि मागून एकही हॉर्न वाजत नाही.