रक्तवाहिन्यांबाहेरचा डिफिब्रिलेटर : टिकाऊपणाचा हिशेब

हृदयाच्या निलयांची लय एकाएकी बिघडून ते नुसतेच थरथरू लागले, की रक्ताभिसरण थांबते व काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. अशा वेळी शरीराच्या आतूनच विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करणारे यंत्र म्हणजे इम्प्लांटेबल डिफिब्रिलेटर, अर्थात ‘आयसीडी’. मदतनिधीचा अर्ज घेऊन येणारे रुग्णांचे आप्तेष्ट आमच्या कार्यालयात दोन प्रश्न हमखास विचारतात : हे यंत्र किती वर्षे टिकेल, आणि त्याची तार पुढे त्रास देईल का? आम्ही वैद्यकीय तज्ज्ञ नव्हे. तथापि हृदयरोगतज्ज्ञांशी झालेल्या चर्चेतून जे उमगले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

असे पहिले यंत्र फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. मिशेल मिरोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसविले. तेव्हा त्यासाठी छाती उघडावी लागे. पुढे तार शिरेतून हृदयात नेण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ही तार हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलते; वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा! कालांतराने ती झिजू वा तुटू शकते. जंतुसंसर्ग झाल्यास तो थेट रक्तात पोहोचतो, आणि शिरेला चिकटलेली जुनी तार काढणे जोखमीचे असते. विशीतल्या रुग्णाला हे ओझे अनेक दशके वाहावयाचे असते.

म्हणून तार त्वचेखाली ठेवण्याचा मार्ग निघाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेटोरियन’ चाचणीत ८४९ रुग्णांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तारेशी संबंधित गुंतागुंत शिरेतील यंत्रात ६.६ टक्के, तर त्वचेखालील यंत्रात १.४ टक्के रुग्णांत आढळली. उलटपक्षी, गरज नसताना बसणारे अनाठायी झटके त्वचेखालील यंत्रात किंचित अधिक होते : ७.३ टक्क्यांच्या तुलनेत ९.७ टक्के. तार हृदयापासून दूर असल्याने झटकाही मोठा, ८० जूलचा, द्यावा लागतो. साहजिकच यंत्र आकाराने मोठे असते व बॅटरी लवकर संपते.

यातून पुढचे पाऊल पडले. नव्या प्रकारात तार छातीच्या मधल्या हाडाच्या मागे, हृदयाच्या समोर, परंतु रक्तवाहिन्यांबाहेर ठेवतात. त्यामुळे ४० जूल पुरतात. शिवाय झटक्याआधी जलद स्पंदने देऊन वेदनेविना लय सावरण्याचा प्रयत्नही करता येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्र बसविताना घेतलेल्या परीक्षेत ९८.७ टक्के रुग्णांत ते यशस्वी ठरले. तीन वर्षांच्या पाठपुराव्याअखेर सुमारे ८९ टक्के रुग्ण मोठ्या गुंतागुंतीपासून मुक्त होते. मात्र त्याच काळात सुमारे १७.५ टक्के रुग्णांना अनाठायी झटका बसला. अलिंदाचे संकेत चुकून निलयाचे समजले जाणे हे त्याचे प्रमुख कारण. ज्यांची छातीचे हाड कापून बायपास झाली आहे किंवा ज्यांना कायम पेसमेकरची गरज आहे, त्यांना हे यंत्र सोयीचे नाही.

तात्पर्य, जमेच्या बाजूला शिरा सुरक्षित राहतात. खर्चाच्या बाजूला अनाठायी झटक्यांचा त्रास आहे, आणि दशकापलीकडचा अनुभव अद्याप गाठीशी नाही. कोणते यंत्र कोणाला, हा निर्णय सर्वस्वी तज्ज्ञांचा व रुग्णाचा आहे. आमची जबाबदारी वेगळी आहे. यंत्र कोणतेही असो, बॅटरी एक दिवस संपतेच. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी उदार हात पुढे येतात. बदलीची वेळ येते तेव्हा ते कुटुंब बहुधा एकटेच असते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला घसाऱ्याची तरतूद पहिल्या वर्षापासून करावी, असे शिकविले जाते. इथे तर प्रश्न यंत्रसामग्रीचा नसून धडधडत्या हृदयाचा आहे. म्हणून आयसीडीसाठी मिळणाऱ्या प्रत्येक देणगीचा काही भाग भावी बदलीकरिता राखून ठेवण्यास देणगीदारांनी संमती द्यावी व विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी, ही आमची नम्र विनंती आहे.