वीतभर अंतराचे सौजन्य

टोकिओ शहरातील आगगाडीचा डबा माणसांनी कितीही भरलेला असला, तरी त्यात एक प्रकारची शांतता असते. नवख्या भारतीय प्रवाशाला तिचे प्रथम नवल वाटते. बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. बोटे चालत असतात, परंतु ओठ मिटलेले असतात. गाडीत फोनवर बोलू नये, घंटी वाजू देऊ नये, असा तेथील रिवाज आहे. घंटी बंद ठेवण्याच्या सोयीला जपानी लोक ‘मॅनर मोड’ म्हणतात. यंत्राच्या एका सोयीला शिष्टाचाराचे नाव मिळावे, यातच पुष्कळ काही आले.

डब्यातील काही ठरावीक आसनांपाशी मात्र याहूनही कडक नियम होता. तेथे मोबाइल नुसता मुका करून भागत नसे, तो बंदच करावा लागे. हा नियम का झाला आणि पुढे तो का बदलला, याची हकीकत बोधप्रद आहे.

ही आसने वृद्ध, अपंग, आजारी, गर्भवती आणि तान्ह्या मुलांच्या माता यांच्यासाठी असतात. 15 सप्टेंबर 1973 रोजी, म्हणजे जपानात वडीलधाऱ्यांच्या सन्मानार्थ पाळल्या जाणाऱ्या दिवशी, टोकिओच्या चुओ मार्गावर ती प्रथम सुरू झाली. पुढे मोबाइल आला, आणि या आसनांवर बसणाऱ्यांपैकी एका वर्गाविषयी नवी काळजी उत्पन्न झाली. तो वर्ग म्हणजे छातीत पेसमेकर बसविलेले रुग्ण.

पेसमेकर हे यंत्र केवळ ठोके देत नाही. ते ठोके ऐकतही असते. हृदयाचा स्वाभाविक ठोका पडताना अत्यंत क्षीण विद्युत्‌संकेत उमटतो. त्याचे माप व्होल्टच्या काही सहस्रांशांचे. तो संकेत मिळाला की यंत्र स्वस्थ राहते; न मिळाला तर स्वतः विजेचा हलका स्पंद देऊन हृदयाला चालना देते. आता समजा, अगदी जवळच्या मोबाइलमधून निघालेल्या लहरी यंत्राने हृदयाचा ठोका म्हणून ऐकल्या, तर काय होईल? ‘हृदय आपले आपण चालले आहे’ अशी गैरसमजूत होऊन, गरज असतानाच ते थांबून राहील. फोन दूर नेला की यंत्र बहुधा पूर्ववत चालू लागते. परंतु ज्याचे हृदय त्या यंत्रावरच विसंबून आहे, त्याला तेवढा वेळही थोडा नव्हे.

म्हणून 1997 साली जपानात असे मार्गदर्शन करण्यात आले, की फोन आणि पेसमेकर यांच्यामध्ये किमान 22 सेंटिमीटर अंतर असावे. आपल्या मापाने सांगायचे तर एक वीत! 2003 साली टोकिओ परिसरातील रेल्वे कंपन्यांनी प्रवाशांना द्यावयाची सूचना एकसारखी केली: या आसनांजवळ फोन बंद ठेवा, इतरत्र घंटी बंद ठेवा आणि बोलणे टाळा.

नियम सद्‌हेतूने झाला होता. परंतु भीतीपोटी केलेल्या नियमाला दुसरी बाजूही असते. ‘फोन म्हणजे संकट’ ही गोष्ट रोज कानी पडल्यावर, ज्याच्या छातीत यंत्र आहे त्याने गर्दीच्या गाडीत पाऊल कसे ठेवावे? ज्याच्या संरक्षणासाठी सूचना, त्याच्याच मनात तिने धास्ती भरावी, असा हा प्रकार होता.

मध्यंतरी विज्ञान थांबले नव्हते. पेसमेकरमध्ये बाहेरच्या लहरी गाळून टाकण्याची योजना अधिक चांगली झाली. दुसऱ्या पिढीची मोबाइल सेवा जपानात 2012 साली बंद झाली, आणि नव्या फोनांचा उपद्रव फार जवळ आणल्यावरच, तोही क्वचित, संभवतो असे चाचण्यांत आढळले. जानेवारी 2013 मध्ये शासनाने अंतराची मर्यादा 15 सेंटिमीटरांवर आणली. त्यानंतर 2014 साली ओसाकाकडील आणि 1 ऑक्टोबर 2015 पासून टोकिओ व त्याच्या उत्तरेकडील रेल्वे कंपन्यांनी आपली सूचना सौम्य केली: या आसनांजवळ ‘गर्दीच्या वेळी’ फोन बंद ठेवा.

‘गर्दीच्या वेळी’ या दोन शब्दांत सगळे मर्म आहे. मोकळ्या डब्यात पंधरा सेंटिमीटर अंतर आपोआप राहते. अंगाला अंग लागते तेव्हाच ते नाहीसे होते. नियम शिथिल झाला तो बेफिकिरीने नव्हे, तर अधिक ज्ञानाने.

यात आणखी एक अडचण आहे. पांढरे केस दिसतात, काठी दिसते. छातीतील यंत्र दिसत नाही. तरुण दिसणारा रुग्ण राखीव आसनावर बसला, तर लोकांच्या नजरा त्याला टोचतात. यावर टोकिओच्या महानगर शासनाने 2012 साली एक खूण काढली: तांबड्या पट्टीवर पांढरी फुली आणि हृदयाची आकृती. ती पिशवीला अडकविली, की न बोलता कळते, ‘या माणसाला मदतीची गरज पडू शकते.’

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत आणि दिल्लीच्या मेट्रोतही ज्येष्ठांसाठी आसने राखलेली असतात, आणि पेसमेकर घेऊन वावरणारी माणसे आता आपल्याही घरोघरी आहेत. त्यांनी फोन यंत्राच्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नये, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा, आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. एवढे पाळले तर प्रवासाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आणि आपण इतरांनी? गर्दीत कोणाच्या छातीशी आपला फोन भिडत असेल, तर हात थोडा मागे घ्यावा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या आत काय चालले आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणूनच वीतभर अंतर त्याच्यासाठी राखून ठेवायचे असते.