चाकांवरचें घर आणि सरोवराचा कांठ

प्रवासास निघतांना माणूस घर मागें टाकतो. परंतु अमेरिकेंत घरच बरोबर घेऊन निघण्याची चाल आहे. मोटारीमागें जोडलेली अथवा मोटारींतच बांधलेली ही खोली तिकडे ‘आर. व्ही.’ या नांवानें ओळखतात. तिच्या मोठ्या जातींत बंगल्याचीं सारीं सुखें असतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लहान जात होय: दोन बांकें, एक शेगडी, एक मोरी आणि रात्रीं बांकें जोडून होणारा बिछाना. मुलें-सुना तिकडे असल्यामुळें उन्हाळ्यांत अमेरिकेस जाणाऱ्या वडील मंडळींस अशा मुक्कामाचा योग येतो. त्यांच्या उपयोगासाठीं हे चार शब्द.

मिशिगन राज्याच्या उत्तरेस सुपीरियर सरोवराचा लांबच लांब किनारा आहे. सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर विस्तार आणि ४०६ मीटरपर्यंत खोली असलेलें हें सरोवर, पृष्ठफळाच्या दृष्टीनें, पृथ्वीवरील गोड्या पाण्याचें सर्वांत मोठें सरोवर होय. त्याच्या दक्षिण तीरावरील ‘पिक्चर्ड रॉक्स’ हा रंगीत कड्यांचा प्रदेश १९६६ सालीं राष्ट्रीय सरोवरतीर म्हणून राखून ठेवण्यांत आला. या राज्याच्या अरण्यांतील मुक्कामाच्या पुष्कळ जागा ‘रस्टिक’ म्हणजे ग्रामीण थाटाच्या आहेत. विजेची जोडणी नाहीं, स्नानगृह नाहीं. बंद खड्ड्यावरील शौचकूप, हातपंपाचें पाणी, एक मेज आणि विस्तवासाठीं लोखंडी कडें, एवढाच संसार.

अशा ठिकाणीं पहिला धडा मोजमापाचा. गाडीची टाकी ८० लिटरची, माणसें चार व मुक्काम दोन दिवसांचा धरला, तर दर माणशीं दररोज १० लिटर पाणी वांट्यास येतें; स्वयंपाक, भांडीं, हातपाय धुणें, सर्व त्यांतच. विहिरीवरून घागरी वाहणाऱ्या आपल्या आज्यांस हें गणित न शिकवितां येत असे. नळ सोडून ठेवणाऱ्या नातवांस तें येथें दोन दिवसांत येतें.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. वापरलेलें पाणी गाडीखालच्या निराळ्या टाकींत सांठतें. ती तेथेंच झाडींत मोकळी करण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. साबण सौम्य आहे ही सबब पुरेशी नाहीं. साबण, तेल व खरकटें यांचा सरोवराशीं संबंध येऊं नये. टाकी त्यासाठीं नेमलेल्या जागींच रिती करावी. जळाऊ लांकडेंही दुरून नेऊं नयेत. २००२ सालीं याच राज्यांत ॲश वृक्ष पोखरणारा एक हिरवा आशियाई भुंगा प्रथम आढळला. त्याच्या अळ्या सालीखालीं दडून सरपणाबरोबर गांवोगांव गेल्या आणि कोट्यवधि वृक्ष वाळले. एका मोळीनें अरण्य कसें मरतें, याचें याहून बोलकें उदाहरण नाहीं. सरपण मुक्कामाजवळच विकत घ्यावें.

आतां जिवाची काळजी. सरोवरतीरीं उन्हाळ्यांतही रात्र गार असते. म्हणून खिडक्या लावून उबेसाठीं स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. कारण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं, वासही नाहीं. त्याची सूचना देणारी घंटा चालू आहे ना, हें निजण्यापूर्वीं पाहावें. नित्य स्नानाचा नेम असणाऱ्यांनीं त्या थंडगार पाण्यांत एकदम उडी घेऊं नये. दम कोंडून पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्या रानांत काळीं अस्वलें आहेत. फराळाचे डबे रात्रीं मेजावर न ठेवतां गाडींत बंद करावे.

इतके नियम ऐकून कोणी विचारील, मग यांत सुख तें कोणतें? सुख असें कीं, दिव्यासाठीं बॅटरी जपावयाची असल्यानें तीन पिढ्या सांज होतांच एका विस्तवाभोंवतीं बसतात, आणि घरीं ज्या गोष्टी सांगावयास वेळ सांपडत नाहीं त्या तेथें सांगितल्या जातात. पाहुणा उठून गेल्यावर यजमानास घर धुवावें लागूं नये, ही आपली जुनी रीत. सरोवरतीरीं आपण पाहुणेच आहों, एवढें स्मरलें म्हणजे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहींत.