थंडी खालून येते

कोरीगडावर कोराईदेवीच्या देवळात हिवाळी मुक्काम केलेल्यांना पहाटे तीनची वेळ चांगली ओळखीची असते. अंगावर दोन पांघरुणं, डोक्याला कानटोपी, तरी ज्या कुशीवर वळावं ती कूस गारठते. नव्वदच्या दशकात मुळशीत भटकायला लागलो तेव्हा आमचा उपाय ठरलेला होता : पुढच्या खेपेला आणखी एक पांघरूण. थंडी खालून येते, हे उमजायला बरेच हिवाळे गेले.

अंथरायला तेव्हा सतरंजी असे, फार तर प्लॅस्टिकची चटई. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड कोरड्या मातीपेक्षा कितीतरी वेगानं अंगातली ऊब ओढून घेतो. ऊब राखते ती जागच्या जागी अडकलेली हवा, आणि सतरंजी अंगाखाली चेपली की तिच्यात हवा उरतच नाही. महागड्या स्लीपिंग बॅगचंही तेच होतं. पिसं कितीही भारी असोत, पाठीखाली ती चपटी होतात.

घनगडाच्या पायथ्याशी, एकोल्यात, एकदा एका घरी ओसरीवर भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर आणि वर घोंगडी असं अंथरूण मिळालं. त्या रात्री मी एकदाही जागा झालो नाही. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ताठ असते. दोन्ही वजनाखाली सहजी दबत नाहीत, हवा धरून ठेवतात. मुळशी भाताचा तालुका, तिथे पेंढ्याला काय तोटा! त्या माउलीच्या घरात जे रोजचं ज्ञान होतं, ते आम्ही केवळ पाहुणचार समजून घेतलं आणि पुढच्याच ट्रेकला पुन्हा सतरंजी नेली. याची मला आजही खंत आहे.

मग कॅरी मॅट आली. हे नाव ब्रिटनच्या कॅरिमॉर कंपनीच्या ‘कॅरिमॅट’वरून रुळलं. हिच्या फोममधला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, त्यामुळे पाणी शिरत नाही आणि हवाही हलत नाही. चंदेरी बाजू वर ठेवायची की खाली, यावर आम्ही रात्र-रात्र वाद घातले. खरं तर चकाकी उष्णता परतवते ती समोर मोकळी हवा असेल तेव्हा; अंग किंवा जमीन तिला टेकली की तिचा उपयोग फारसा उरत नाही. पाहायची ती जाडी.

अमेरिकेत तोवर गोष्टी बऱ्याच पुढे गेल्या होत्या. १९७१ साली बोइंगमधून कमी झालेल्या दोन अभियंत्यांनी एका मित्रासोबत, आपोआप फुगणाऱ्या फोमच्या गादीचा उद्योग सुरू केला, तीच थर्म-अ-रेस्ट. आमच्या पाठीवर तशी गादी यायला फार काळ जावा लागला. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची मंडळी एव्हरेस्टवर पोचली, त्यानंतर आमच्याही गटात बर्फातल्या मुक्कामाची भाषा सुरू झाली आणि अंथरुणाचा प्रश्न गंभीर झाला. नुसती हवेची गादी घेऊन बर्फावर जाणारे थंडीनं फार हाल सोसतात, कारण पोकळ गादीत हवा फिरत राहते आणि ऊब खाली नेऊन सोडते. गादीत फोम, तंतू, पिसं किंवा निदान हवा अडवणारे आतले थर हवेतच.

२०१८ मध्ये गाद्यांची ऊब मोजण्याची एक सामायिक अमेरिकी पद्धत ठरली आणि निवड सोपी झाली. त्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. जितका मोठा तितकी ऊब जास्त. सेंटिमीटरभर फोमची आर-व्हॅल्यू साधारण दीड भरते. मुळशीच्या डिसेंबरात, मातीवर, दोनपर्यंत भागतं. बर्फावर मात्र चार-पाचच्या खाली जाऊ नये. सगळ्यांत उपयोगी गोष्ट अशी की एकावर एक अंथरलं की हे आकडे बेरजेनं वाढतात.

गेल्या हिवाळ्यात भाचा हिमालयात, बर्फातल्या केदारकंठ्याला निघाला, तेव्हा फुगवायच्या गादीखाली माझी जुनी कॅरी मॅट घालायला दिली. गादी पंक्चर झालीच तर फोम तरी पाठीखाली राहील. मी त्याच आठवड्यात कोरीगडावर होतो, दुसरी कॅरी मॅट आणि तिच्यावर घोंगडी घेऊन. जाग आली ती थेट उजाडल्यावर, देवळाच्या घंटेनं.