हालु आणि पालु
(बहुभाषी बाळपण : लेखांक पाचवा)

घरी एक, गल्लीत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या मुलाच्या ठिकाणी भाषाविषयक जिज्ञासा आपोआपच उत्पन्न होते, असा जो समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे, तो मला अनुभवान्ती खरा वाटत नाही. बहुभाषिकता ही आमच्या सोलापुरात पाणीटंचाईइतकीच सर्वांच्या वाट्याला आलेली गोष्ट. परंतु तिच्यापायी गल्लोगल्ली भाषापंडित निपजल्याचे ऐकिवात नाही.

शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, अक्कलकोट-विजापूरकडील शेतकऱ्यांची आणि लिंगायत व्यापाऱ्यांची कन्नड, बेगमपेठेतील दखनी आणि शाळा-कचेऱ्यांतील मराठी, अशा चार भाषा तेथे एकमेकींच्या पायांत पाय घालून नांदत असतात. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला संक्रांतीच्या सुमारास सारे शहर लोटते ते ग्रामदैवत सिद्धरामेश्वर म्हणजे बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचने रचणारे शिवशरण. आणि घरी मराठी बोलणारे परंतु कन्नड काव्याकरिता 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे द. रा. बेंद्रे यांनीही 1944 ते 1956 पर्यंत येथील महाविद्यालयातच कन्नडचे अध्यापन केले.

माझे वडील कचेरीत कारकून होते. फिर्यादी कन्नड, आरोपी तेलुगू, साक्षीदार दखनी आणि दप्तर मराठी, असा मामला त्यांना नवा नव्हता. आणि दुभाष्यावाचून अडून बसण्याची वेळ मात्र क्वचितच येई, कारण अर्जी, खाते, वसूल, जमीन, कचेरी हे यावनी अंमलाचे शब्द थोड्याफार फरकाने चौघांच्याही तोंडी सारखेच होते. चार भाषा समजत असूनही वडिलांना भाषेचे कुतूहल म्हणून कधी वाटले नाही. भाषा ही त्यांच्या लेखी दौतीसारखी वस्तू होती. ती वाळू नये एवढीच त्यांची अपेक्षा.

मला जे वेड लागले ते दुधापायी. आमच्या वाड्यात पहाटे दूध घालणारा गवळी कन्नड बोले आणि दुधाला ‘हालु’ म्हणे; भिंतीपलीकडे, जेथे दिवसभर हातमागाचा खटका चाले, त्या विणकराच्या घरची अव्वा तेच दूध त्याच गवळ्याकडून घेई आणि नातवाला पाजताना त्याला ‘पालु’ म्हणे. हा फरक मी वर्षानुवर्षे ऐकत होतो. पण ऐकणे निराळे आणि तो कानाला टोचणे निराळे. एके दिवशी अव्वाने पारिजातकाच्या फुलाला ‘पुव्वु’ म्हटले, आणि गवळ्याचा ‘हूवु’ मला एकाएकी आठवला. मग मी अधाशासारखा शब्द गोळा करू लागलो. वाघ कन्नडमध्ये ‘हुलि’, तेलुगूत ‘पुलि’. साप ‘हावु’ आणि ‘पामु’. खेडे ‘हळ्ळि’ आणि ‘पल्ले’. जेथे अव्वा प म्हणे तेथे गवळी ह म्हणे, आणि हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते! दोन माणसांनी संगनमत केल्यावाचून इतका नेमका नियम पाळावा, या गोष्टीने मी अक्षरशः बेचैन झालो.

उत्साहाच्या भरात मी गवळ्यापुढे पुस्तकाला ‘हुस्तक’ म्हणालो, आणि तो इतका हसला की त्याच्या हातातील माप हिंदकळले. कन्नडमध्येही पुस्तक हे ‘पुस्तक’च असते. नियम चुकला नव्हता, मी चुकलो होतो. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा प मध्ययुगात पालटून ह झाला, परंतु तो बहुजनांच्या जिभेवर रुळलेल्या शब्दांत. पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे आणून जपलेले शब्द त्या फेऱ्यातून सुटले. जे संस्कृत शब्द आधीच लोकांत घासून गुळगुळीत झाले होते त्यांची मात्र सुटका झाली नाही: ‘पर्व’चे ‘पब्ब’ आणि पुढे ‘हब्ब’ म्हणजे सण झाले. पंपा क्षेत्राची हंपी झाली, आणि जुन्या शिलालेखांतील ‘पोय्सळ’ राजे पुढे होयसळ म्हणून प्रसिद्धीस आले. विजयनगरचे भग्नावशेष पाहावयास जाणारा मराठी प्रवासी स्टेशनावर तिकीट मागताना नकळत हाच नियम उच्चारीत असतो.

हा शोध मी आमच्या मराठीच्या मास्तरांपुढे मोठ्या अभिमानाने मांडला, तेव्हा असल्या रिकामटेकड्या उद्योगापेक्षा शुद्धलेखन सुधारावे, असा त्यांनी उपदेश केला. (माझे शुद्धलेखन खरोखरच वाईट होते.) पुढे कळले की दक्षिणेतील या भाषा एका कुळातील असल्याचे फ्रान्सिस व्हाइट एलिस याने 1816 सालीच मद्रासेत छापून प्रसिद्ध केले होते, आणि काल्डवेलचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण 1856 मध्ये निघाले होते. माझे संशोधन शंभराहून अधिक वर्षे शिळे होते. परंतु त्यामुळे त्याची चव बिघडली, असे मला आजतागायत वाटलेले नाही.

नुसत्या सहवासाने काय होते, हे पाहावयाचे तर सांगलीजवळच्या कुपवाडचे उदाहरण घ्यावे. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. शब्द ज्याचे त्याचे, पण वाक्यांची घडण शतकांच्या शेजाराने जवळजवळ एक झालेली, असे त्यांना आढळले. कन्नडच्या वळणाने तेथील मराठीत नदीही नपुंसकलिंगी होऊन ‘आलं’ म्हणू लागली होती. बोलणाऱ्यांना याची खबर नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. भाषांतील अंतर पुसले जाणे हे सहवासाचे काम आहे. ते अंतर दिसून त्याचा छंद लागणे हे मात्र कोणा एखाद्याच्याच वाट्याला येते, आणि त्याला चार भाषा लागत नाहीत, दोनही पुरतात.

पुढील लेखांकी तुपाचा विचार करावयाचा आहे, कारण कन्नड ‘तुप्प’ आणि आपले ‘तूप’ यांचे नाते हालु-पालूंहून निराळे आहे. ज्या वाचकांच्या घरी किंवा शेजारी मराठीखेरीज आणखी एखादी भाषा बोलली जाते, त्यांनी तीत तूप, अडकित्ता आणि थोरली बहीण यांना काय म्हणतात ते, गावाच्या नावासह, मला अवश्य लिहून कळवावे.