आजोबांचा आल्पाका, पुतण्याची मेरिनो

दिवाळी आटोपली की सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात कानटोप्या, स्वेटर आणि शाली दिसू लागतात. त्याच सुमारास गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या वसाहतीतले तिबेटी विक्रेतेही गरम कपड्यांचे गठ्ठे घेऊन नागपुरात उतरतात. आमचे कापडाचे दुकान चौकापासून जवळच आहे. लोकरीचा हंगाम येथे जेमतेम दोन महिन्यांचा. परंतु नागपूरच्या थंडीला कमी लेखण्यात अर्थ नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी येथील पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता आणि त्या आठवड्यात आमच्या दुकानातील मांडणी रिकामी झाली होती.

यंदा मात्र लोकरीचा विचार गिऱ्हाइकासाठी नव्हे, घरासाठी करावा लागला. धाकट्या भावाचा मुलगा उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाला. सामानाला वजनाची मर्यादा, म्हणून गरम कपडे मोजकेच न्यायचे होते. मेरिनो घ्यावी की अल्पाका, असा प्रश्न त्याने रात्री जेवणानंतर मांडला आणि मोबाइलवर एक स्वेटर दाखवला. त्याच्या वर्णनात ‘शंभर टक्के बेबी अल्पाका’ असे लिहिलेले होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईने तेवढेच शब्द ऐकले आणि माळ बाजूला ठेवून विचारले, “अरे, बेबी म्हणजे पिल्लूच ना? पिल्लाच्या अंगावरचे काढून आपण का घालायचे?”

चाळीस वर्षे कापड विकूनही मला तत्काळ उत्तर देता आले नाही. मग काही दिवस वाचन केले, व्यवसायातील जाणत्यांशी बोललो. या अंकात त्यातलेच थोडे मांडतो.

आईच्या शंकेचे निरसन सोपे निघाले. ‘बेबी’ हा शब्द प्राण्याच्या वयाचा नसून तंतूच्या बारीकपणाचा आहे. पेरू देशात अल्पाकाच्या लोकरीची प्रतवारी हाताने होते आणि साधारण 23 मायक्रॉनपर्यंतच्या तंतूला ‘बेबी’ म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो तंतू प्रौढ प्राण्याच्या अंगावरचाही असू शकतो. मेरिनोचा तंतू सामान्यतः 16 ते 24 मायक्रॉनचा असतो. सुटाच्या कापडाच्या काठावर ‘सुपर 100’, ‘सुपर 120’ असे छापलेले आपण पाहतो, तेही हेच माप. सुपर 100 म्हणजे तंतू सरासरी 18.75 मायक्रॉनपेक्षा जाड नाही, आणि पुढील प्रत्येक दहा आकड्यांमागे तो अर्धा मायक्रॉन बारीक होत जातो. नागपूरहून साठेक किलोमीटरवर, सौंसरजवळच्या बोरगावात रेमंडची गिरणी आहे. सुटाच्या कापडासाठी परदेशी मेरिनो आपल्या इतक्या जवळ कातली आणि विणली जाते, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते.

लोकर टोचते ती तिच्या जाड तंतूंमुळे. सुमारे 30 मायक्रॉनच्या पुढील तंतूचे टोक त्वचेवर वाकत नाही, रुतते. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीचे घोंगडे धनगराला पावसाथंडीत सांभाळते, पण उघड्या अंगावर ते कोणी ल्यायचे म्हणत नाही, त्याचे कारण हेच. तेव्हा ‘अल्पाका मऊ की मेरिनो मऊ’ हा वाद मायक्रॉन विचारल्याशिवाय व्यर्थ आहे. जाडी सारखी असेल तर अल्पाका हाताला किंचित अधिक गुळगुळीत लागते, कारण तिच्या तंतूवरील खवले चपटे असतात. स्वस्त अल्पाका मात्र मेरिनोपेक्षा खुशाल टोचते.

खरा भेद तंतूच्या ठेवणीत आहे. मेरिनोच्या तंतूला बारीक बारीक नागमोडी वळणे असतात. त्यामुळे कापड ताणले तरी पूर्ववत होते, अंगाला बसते आणि घामाची वाफ शोषून घेते. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही ती हाताला ओलसर लागत नाही. म्हणून अंगालगतची बंडी, मोजे, पातळ स्वेटर यांसाठी मी डोळे मिटून मेरिनो सांगेन. अल्पाकाच्या बहुतेक तंतूंच्या गाभ्यात पोकळी असते, तीत हवा राहते आणि कपडा हलका असूनही चांगली ऊब देतो. तिच्यात लोकरीचा मेणचटपणा, म्हणजे लॅनोलिन, अत्यल्प असते. पण वळणे कमी असल्याने ती लोंबते. अल्पाकाचा स्वेटर खुंटीला टांगला तर महिन्याभरात तो सदऱ्यासारखा लांब होतो. शाल, मफलर, सैल कार्डिगन हा तिचा प्रांत. तिचे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीसहून अधिक नैसर्गिक रंग आहेत. रंगाऱ्याकडे न पाठवलेला तपकिरी कपडा हवा असेल तर तिला जोड नाही.

हे सारे मी सांगत असताना आईने ट्रंक उघडायला लावली. तळाशी माझ्या आजोबांचा काळा कोट होता. आल्पाकाचा कोट! कोर्टकचेरीला जाताना ते तो घालीत, तेही वैशाखात. आजच्या तरुणांना हा शब्द परदेशी वाटतो, परंतु एके काळी वकील, मास्तर आणि पेढीवरचे कारभारी यांच्या अंगावर आल्पाकाचा कोट आणि हातात छत्री असेच चित्र असे. नागपूरच्या उन्हाळ्यात अँडीज पर्वतातील प्राण्याची लोकर कशी, याचे उत्तर ब्रॅडफर्डमध्ये आहे. तेथील टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने 1836 मध्ये, इतरांनी नाकारलेल्या अल्पाकाच्या गासड्या विकत घेतल्या आणि ती लोकर सुताच्या ताण्यावर बाण्याला वापरून पातळ, चकचकीत, सुरकुती न धरणारे कापड काढले. 1853 मध्ये त्याची सॉल्टेअरची प्रचंड गिरणी सुरू झाली. म्हणजे आजोबांचा ‘आल्पाका’ अर्धा कापूसच होता. पुढे तर त्या धाटणीच्या कोणत्याही चकचकीत काळ्या कापडाला बाजार आल्पाका म्हणू लागला.

नाव एक आणि माल दुसरा, हा प्रकार शंभर वर्षांत संपलेला नाही. मागील हिवाळ्यात एका पुरवठादाराने आम्हाला ‘अल्पाका मिक्स’ म्हणून तीस शाली दिल्या. हाताला विलक्षण मऊ, किंमत मात्र संशय येण्याइतकी कमी. मी काठाचे दोन धागे ओढून जाळून पाहिले. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझते आणि राख बोटांनी चुरडते. या धाग्यांची वितळून काळी, टणक गोळी झाली. निव्वळ ॲक्रिलिक. तोवर सहा शाली विकल्या गेल्या होत्या. चार गिऱ्हाइके ओळखीची होती, त्यांना बोलावून पैसे परत केले. दोन आजवर सापडली नाहीत, आणि ती टोचणी मनात आहे. एक लक्षात ठेवावे: जाळून पाहिल्याने कृत्रिम धागा पकडता येतो, पण अल्पाका आणि मेरिनो दोन्ही सारख्याच जळतात. त्यांचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. शुद्ध नव्या लोकरीसाठी 1964 पासून वापरात असलेले वूलमार्कचे चिन्ह मेरिनोबाबत उपयोगी पडते.

आईचा खरा प्रश्न याच्याही पुढचा होता. तिचे सामायिकाचे आसन लोकरीचे आहे. श्वेतांबर साधूंचा ओघा आणि कांबळीही लोकरीचीच. रेशीम तिने लग्नानंतर लवकरच सोडले, कारण कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो. लोकरीसाठी मेंढी मारावी लागत नाही, या समजावर ती आजवर निश्चिंत होती. तिच्यापासून काही लपवणे मला योग्य वाटले नाही.

मेरिनो मेंढीच्या कातडीला घड्या असतात. शेपटीखालच्या ओलसर घड्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढी पोखरतात. त्यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात कोकराच्या मागच्या भागातील कातडीच्या पट्ट्या कापून टाकतात. या क्रियेला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने 2018 मध्ये तिच्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ती अद्याप पूर्णपणे थांबलेली नाही. मात्र तेथे लिलावाला येणाऱ्या लोकरीसोबत कळपावर म्यूलसिंग झाले की नाही, याचे घोषणापत्र जोडण्याची पद्धत आहे. म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर मिळू शकते.

अल्पाकावर म्यूलसिंग होत नाही. तो वर्षातून एकदा कातरला जातो, त्याचे तळपाय मऊ असल्याने कुरणही फारसे उखडत नाही. परंतु 2020 मध्ये पेरूतील एका मोठ्या केंद्रावरील कातरणीचे चित्रण प्रसिद्ध झाले, त्यात हातपाय ताणून बांधलेले आणि घाईने कातरताना जखमी झालेले प्राणी जगाने पाहिले. आता दोन्ही तंतूंसाठी स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत: रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड 2016 पासून आणि रिस्पॉन्सिबल अल्पाका स्टँडर्ड 2021 पासून. पहिल्यात म्यूलसिंगला मनाई आहे. अर्थात म्हाताऱ्या मेंढीचे किंवा अल्पाकाचे शेवटी काय होते, हा प्रश्न कोणतेही प्रमाणपत्र मिटवत नाही. दोन्ही प्राण्यांचे मांस त्या त्या देशांत खाल्ले जाते. या कारणाने लोकर सर्वस्वी वर्ज्य करणारी कुटुंबेही आपल्या समाजात आहेत. त्यांच्यापुढे माझा युक्तिवाद नाही. माझ्या पुतण्याला मात्र बर्फात राहायचे होते.

शेवटी त्याच्यासाठी दोन पातळ मेरिनो बंड्या आणि एक सैल, न रंगवलेला तपकिरी अल्पाका कार्डिगन असे ठरले. मशीनमध्ये धुता येणारी ‘सुपरवॉश’ मेरिनो मी टाळली; तिचे खवले क्लोरीनने झिजवून वर कृत्रिम लेप दिलेला असतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ती सोयीची पडली असती, हे भावाचे म्हणणेही चुकीचे नव्हते. धुण्याचे शिक्षण वहिनीने दिले: कोमट पाणी, रिठ्याचा फेस, पिळायचे नाही, टॉवेलवर आडवे वाळवायचे.

कसरीबद्दल आमच्या घरची रीत सांगून ठेवतो. कसर मळलेल्या, घामट लोकरीवर आधी जाते. कपडा धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह सुती पिशवीत घट्ट बांधला आणि पावसाळा संपताच पुन्हा उन्हात घातला, तर जीव मारणाऱ्या गोळ्या सहसा लागत नाहीत. आजोबांचा कोट असाच टिकला आहे. पुतण्याने तो घालून पाहिला. बाह्या आखूड झाल्या.

बंड्या मागवण्यापूर्वी मी कंपनीला पत्र पाठवून म्यूलसिंगबद्दल विचारले होते. आठ दिवसांनी उत्तर आले, की लोकर प्रमाणित आणि म्यूलसिंगमुक्त आहे. मी ते आईला वाचून दाखवले. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, “बरे झाले. त्या अल्पाकावाल्याला विचारलेस का?”

ते पत्र मी त्याच रात्री लिहिले. कार्डिगनची मागणी उत्तर येईपर्यंत थांबवली आहे.